थाळनेर ते दिल्ली: आबांच्या मलिकराजाचा माग

पहिला दिवस

थाळनेर हे तापीच्या उत्तर काठावरचं आमचं गाव. तालुका शिरपूर, जिल्हा धुळे. नदीकडेला ढासळलेला किल्ला आहे आणि गावाजवळ फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. आबांचं लहानपण त्या कबरींच्या आडोशाला लपंडाव खेळण्यात गेलं. चौथीत असताना त्यांना गुरुजींनी सांगितलं होतं, की इथे झोपलेला मलिकराजा दिल्लीच्या बादशहाचा माणूस होता. तेव्हापासून आबांसाठी दिल्ली म्हणजे मलिकराजाच्या मालकाचं गाव. आज ते 76 वर्षांचे आहेत. उभा जन्म कापसात गेला, पण दिल्ली पाहायची राहिली होती.

मी शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी फळ्यावर '1911, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला' असं लिहिते, आणि ती दिल्ली मीही पाहिलेली नव्हती. फेब्रुवारीत थोडी सवड निघाली तशी तिघांची तिकिटं काढली. आबा, माय आणि मी.

मायने आदल्या रात्री दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, ठेचा वेगळ्या डबीत भरला. शिरपूरहून एसटीने चोपडा, जळगाव करत भुसावळ गाठलं. गाडी भुसावळ सोडून तापीच्या पुलावर आली तसा मायने खिडकीतून हात जोडून नदीत नाणं टाकलं. रावेरपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच केळी. बऱ्हाणपूर येईतो अंधार पडला.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी घराण्याच्या खानदेशची ती राजधानी. मलिकराजाचा मुलगा नसीरखान याने ते वसवलं. पुढे असीरगड येतो. तोही अंधारात गेला. दक्षिणेचं दार म्हणून ओळखला जाणारा हा किल्ला अकबराने लांबलचक वेढा घालून जानेवारी 1601 मध्ये घेतला आणि खानदेशचं राज्य संपलं. शहजादा दानियाल याच्या नावावरून प्रांताला 'दानदेश' म्हणायला सुरुवात झाली. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर या विजयाचा लेख कोरलेला आहे. हे सांगत असताना आबांनी मान वळवून काचेबाहेरच्या अंधारात बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "नाव बदललं, पन लोकेस्नी खानदेशच म्हनं ना?" खरंच आहे ते. दानदेश कागदावर राहिला.

दुसरा दिवस

सकाळी आग्रा मागे पडलं, मथुरा गेलं आणि हजरत निजामुद्दीन स्टेशनवर उतरलो. करोल बागेतल्या लॉजवर सामान टाकलं, मायच्या उरलेल्या दशम्या चहाबरोबर संपवल्या आणि मेट्रोने निघालो. ही मेट्रो 24 डिसेंबर 2002 ला सुरू झाली. सरकत्या जिन्याला माय घाबरली. एका अनोळखी कॉलेजच्या मुलीने तिचा हात धरून तिला वर नेलं.

कर्तव्यपथावर आलो तेव्हा ऊन कोवळं होतं. एका टोकाला रायसिना टेकडीवर राष्ट्रपती भवन, दुसऱ्या टोकाला इंडिया गेट. दिल्ली आणि नवी दिल्ली यांतला फरक मी वर्गात नेहमी घाईत सांगते, इथे उभं राहिल्यावर तो नीट सांगता आला. दिल्ली म्हणजे 1483 चौरस किलोमीटरचा अख्खा केंद्रशासित प्रदेश. त्याला 70 जागांची विधानसभा आहे आणि तिथून 7 खासदार लोकसभेत जातात. नवी दिल्ली हा त्यातला एक छोटा तुकडा, इंग्रजांनी राजधानीसाठी आखून बांधलेला. देशाची राजधानी म्हणून नाव लागतं ते या तुकड्याचं.

पंचम जॉर्जने 12 डिसेंबर 1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून इथे हलवल्याचं जाहीर केलं आणि तीनच दिवसांनी पायाचे दगडही बसवले. पण ते बसले उत्तरेला, दरबाराच्या मैदानाजवळ. नंतर जागा बदलली आणि दगड उचलून रायसिनाकडे आणावे लागले. एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर या दोन वास्तुकारांनी शहर उभं केलं. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, काम लांबलं आणि उद्घाटन झालं ते 13 फेब्रुवारी 1931 ला. त्यानंतर साडेसोळा वर्षांत इंग्रज गेले. एवढी दगडी राजधानी बांधली आणि तिचा उपभोग त्यांना तेवढाच मिळाला.

संसदेच्या जुन्या गोल इमारतीचे 144 खांब लांबून दिसले. ती 1927 मध्ये खुली झाली होती. शेजारी 28 मे 2023 ला उद्घाटन झालेली नवी त्रिकोणी इमारत. लोकसभेच्या नव्या सभागृहात 888 आसनं आहेत.

राष्ट्रपती भवनात 340 खोल्या आहेत, पण मायला त्यातलं एकच ऐकायचं होतं. "प्रतिभाताई आठेच राहेत ना?" हो, इथेच. प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या, बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकल्या, 1962 मध्ये जळगावातून आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून कितीतरी वर्षं निवडून येत राहिल्या, आणि 2007 ते 2012 या काळात देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून या घरात राहिल्या. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या घरात खानदेशची लेक. माय लोखंडी फाटकासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझा इथे फोटो काढ. एरवी फोटो म्हटला की ती तोंड फिरवते.

इंडिया गेट 42 मीटर उंच आहे. त्याच्या भिंतींवर पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या 13 हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरलेली आहेत. आबांनी चष्मा पुसून आपल्याकडची आडनावं शोधायचा प्रयत्न केला, पण अक्षरं फार वर होती. शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मात्र नावं डोळ्यांच्या उंचीवर आहेत. तिथे वर्तुळाकार भिंतींवरचा एकेक दगड वाचत आम्ही दिवेलागणीपर्यंत फिरलो. हे स्मारक 2019 चं.

तिसरा दिवस

हा दिवस आबांचा. मलिकराजाच्या मालकाचा, म्हणजे फिरोजशहा तुघलकाचा.

आधी कुतुबमिनार पाहिला, कारण तिथेही फिरोजशहा आहे. मिनार साडेबहात्तर मीटर उंच, आत 379 पायऱ्या. सुरुवात कुतुबुद्दीन ऐबकाची, पुढचं काम इल्तुतमिशचं. 1368 मध्ये वीज पडून वरचा मजला मोडला, तेव्हा फिरोजशहाने दुरुस्ती करून वरचे दोन मजले बांधले. म्हणून वर पाहिलं की लाल दगडात मध्येच पांढरा संगमरवर दिसतो. ही दुरुस्ती 1369 ची. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1370 मध्ये, या सुलतानाने मलिकराजाला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली.

ती कशी मिळाली त्याची गोष्ट फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. गुजरातेत शिकारीला निघालेला सुलतान आपल्या माणसांपासून तुटला, भुकेने व्याकूळ झाला. मलिकराजा तेव्हा साधा शिपाई होता. त्याने जवळचं होतं ते खायला घातलं. सुलतानाने नाव विचारलं, घराणं विचारलं आणि पुढे दरबारी जागा दिली. तिथून थाळनेर. मलिकराजाने बागलाणच्या राजाला नमवलं आणि खंडणीत आलेले हत्ती दिल्लीला पाठवले, तेव्हा सुलतान आणखी खूश झाला. पुढे दिल्लीचा धाक उतरला तसा 1382 पासून मलिकराजा स्वतंत्रपणे वागू लागला. 1399 मध्ये तो थाळनेरलाच वारला. हौज खासकडे जाताना रिक्षात मी हे सांगत होते. आबा म्हणाले, "म्हंजे एक येळनं जेवन, आनि आठो तालुके!"

हौज खासचा तलाव अलाउद्दीन खिलजीने खणवला होता. तो गाळाने भरला, तेव्हा फिरोजशहाने साफ करून घेतला आणि काठावर मदरसा बांधला. मदरशाचे दोन लांब हात जिथे कोपऱ्यात मिळतात तिथे त्याची स्वतःची कबर आहे. त्याने 1351 पासून 1388 पर्यंत राज्य केलं. कबरीची इमारत चौरस, वर घुमट, बाहेरून अगदी साधी. समोर दगडी कठडा आहे, तो पाहून मला अजिंठ्याकडच्या जुन्या कठड्यांची आठवण आली.

आबा आत गेले. थोडा वेळ थांबले. बाहेर येऊन त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, जसा ते कापसाच्या गंजीवर ठेवतात.

"हाऊच का आपला मलिकराजाना मालक?"

"हाऊच."

"आपला गावनी कबर जास्त नक्षीनी शे."

तेही खरं. थाळनेरच्या अष्टकोनी कबरीवर जी नक्षी आहे तिच्यापुढे ही भिंत उघडी वाटते. दुष्काळ, कालवे, बागा, मदरसे यांत रमलेला सुलतान होता हा. धर्माच्या बाबतीत कठोरही होता, त्याच्या काळात हिंदूंना आणि ब्राह्मणांनाही जिझिया भरावा लागला. हे मी आबांना सांगितलं आणि वर्गातही सांगेन. माणूस जसा होता तसा सांगायला हवा.

दुपारी फिरोजशहा कोटल्याला गेलो. आता क्रिकेटच्या मैदानाशेजारी आहेत ते अवशेष म्हणजे त्याने 1354 मध्ये वसवलेल्या फिरोजाबादचा राजवाडा. पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी इमारतीवर एक उंच, गुळगुळीत खांब उभा आहे. 13 मीटरचा अशोकस्तंभ. मूळचा तो आताच्या हरयाणातल्या तोपरा गावचा. फिरोजशहाला तो आवडला आणि त्याने दिल्लीला आणायचा हुकूम दिला.

तो कसा आणला हे त्या काळच्या बखरकाराने, शम्स सिराज अफीफने, बारकाईने लिहून ठेवलंय. ते मी आबांना शब्द न गाळता सांगितलं, कारण ते त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. आधी सावरीचा कापूस गोळा करायचा हुकूम निघाला. खांबाच्या भोवती त्या कापसाचे ढीग घातले. बुंध्याची माती उकरली तसा खांब कलंडला आणि त्या गादीवर अलगद आडवा झाला. मग थोडा थोडा कापूस काढत तो जमिनीवर उतरवला. वरून बोरू आणि कच्च्या कातड्याची गुंडाळी केली. 42 चाकांचा गाडा बनवला, प्रत्येक चाकाला दोर आणि प्रत्येक दोराला 200 माणसं. यमुनेपर्यंत ओढत नेला आणि मोठ्या होड्यांवर चढवून दिल्लीला आणला.

आबा खांबाकडे पाहत खाली बसले. शेतात कापूस वेचून आणलेल्या, गाडीत दाबून भरलेल्या माणसाला त्या गादीचा अंदाज आपल्यापेक्षा लवकर येतो. "इतला कापूस!" एवढंच म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजू लागले. क्विंटल काढत असणार.

खांबावरचा लेख तेव्हा कुणालाच वाचता आला नाही. फिरोजशहाने पंडित बोलावले, त्यांनाही जमलं नाही. लिपी विसरली गेली होती. शेवटी 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, त्यात या स्तंभाचा मोठा वाटा होता. अशोकाच्या स्तंभलेखांतला सातवा लेख फक्त याच खांबावर आहे. त्यात काय आहे? रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी पाण्याची सोय केली. फिरोजशहाने एवढा खटाटोप करून आणलेल्या दगडावर काय लिहिलंय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ते विहिरींचं होतं, आणि कालवे व विहिरी हाच त्याचाही आवडता उद्योग होता. हे मनात आलं आणि मला तिथून उठावंसं वाटेना. लोक तिथे भिंतींच्या कोनाड्यांत जिन नावाच्या अदृश्य शक्तींसाठी चिठ्ठ्या ठेवतात, मेणबत्त्या लावतात. माय त्यातल्या एका बाईजवळ जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बोलणं बराच वेळ चाललं.

चौथा दिवस

निजामुद्दीन. सूफी संत निजामुद्दीन अवलिया 1325 मध्ये वारले, त्यांचा दर्गा इथे आहे, जवळच अमीर खुसरोची कबर. गल्लीत गुलाबाच्या पाकळ्यांचा आणि भट्टीतल्या रोट्यांचा वास एकत्र येतो.

इथलं आमच्याकडचं नातं मला घरून निघताना माहीत होतं, पण ते इथे येऊन जास्त जाणवलं. निजामुद्दीनांचे एक शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला न्यायचं ठरवलं, त्या काळात तेही दख्खनला आले आणि खुलताबादला त्यांची समाधी झाली. मलिकराजाच्या मुलाने, नसीरखानाने, आपल्या नव्या शहराला त्यांचं नाव दिलं, ते बऱ्हाणपूर. तापीच्या पलीकडच्या काठावरच्या वस्तीला बुऱ्हानुद्दीनांचे शिष्य झैनुद्दीन यांचं नाव दिलं, ते झैनाबाद. म्हणजे भुसावळच्या फलाटावर आपण रोज ज्या गावाच्या नावाने गाड्यांची घोषणा ऐकतो, त्या नावाचं मूळ या गल्लीत आहे.

हुमायूनची कबर जवळच. 1993 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. सगळे तिथे गर्दी करतात आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या इमारतीकडे बहुतेकजण पाहतही नाहीत. आम्ही त्या दुसऱ्या इमारतीसाठीच आलो होतो: अब्दुर्रहीम खानखानानची कबर. शाळेत ज्यांचे दोहे पाठ केले ते रहीम.

त्यांनी ती 1598 मध्ये आपल्या बायकोसाठी, माह बानूसाठी बांधली आणि 1627 मध्ये स्वतः तिथेच दफन झाले. आधी इमारत मोठ्या वैभवाची होती. पुढे 1750 च्या दशकात सफदरजंगच्या कबरीसाठी तिचा दगड आणि संगमरवर काढून नेला आणि ती उघडी पडली. कित्येक वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2020 मध्ये ती पुन्हा खुली झाली. घुमटाच्या काही भागावर नवा संगमरवर बसवलाय, बाकीचा मुद्दाम तसाच ठेवलाय, म्हणजे काय लुटलं गेलं ते दिसत राहतं. मला हे फार आवडलं.

रहीम आमचे कसे? मुघलांच्या दख्खन मोहिमेचे ते सेनापती, आणि त्यांचं आयुष्य वर्षानुवर्षं बऱ्हाणपुरात गेलं. 1597 मध्ये गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत खानदेशचा राजा अलीखान फारुकी मुघलांच्या बाजूने, रहीम यांच्या फौजेबरोबर लढला. दुसऱ्या दिवशी तो दिसेना, तेव्हा मुघलांना वाटलं की शत्रूला फितूर झाला आणि त्यांनी त्याची छावणी लुटली. नंतर रणात त्याचं प्रेत सापडलं. आमच्या राजाशी झालेली ही वागणूक मी त्या कबरीत उभी राहून आठवली. पण बऱ्हाणपूरला पाणीही रहीम यांच्याच काळात मिळालं. 1615 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं, मोटेशिवाय, नुसत्या उतारावर. त्यालाच कुंडी भंडारा म्हणतात. मायने मध्येच विचारलं, "आज बी पानी येस का?" मला नक्की सांगता आलं नाही. तिथेच ठरलं की परत जाताना बऱ्हाणपूरला उतरायचं.

पाचवा दिवस

लाल किल्ला, चांदणी चौक, संध्याकाळची गाडी. किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, वर्गात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आमच्याकडून पाहिलं तर गोष्ट अशी लागते: मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरात वारली, तिला आधी झैनाबादच्या बागेत पुरलं होतं, मग आग्र्याला नेलं. आठ वर्षांनी, 1639 मध्ये, शाहजहानने आग्रा सोडून दिल्लीत शाहजहानाबादची पायाभरणी केली. किल्ला 1648 मध्ये पुरा झाला. चांदणी चौक त्यांच्या मुलीने, जहानआराने आखला.

दिवाण-ए-खासमध्ये आबा छताकडे बघत उभे होते. 1760 मध्ये पानिपताकडे जाताना सदाशिवरावभाऊंच्या फौजेकडे पगाराला पैसा नव्हता, तेव्हा या छताची चांदी काढून नाणी पाडली. आणि 1771 मध्ये मराठ्यांनीच, महादजी शिंद्यांनी, दिल्ली घेऊन पुढच्या जानेवारीत बादशहा शहाआलमला पुन्हा इथे बसवलं. दोन्ही गोष्टी आपल्याच.

परांठेवाली गल्लीत जेवलो. आबांना तूप जास्त वाटलं. ठेचा सोबत होता म्हणून निभावलं.

सहावा दिवस

बऱ्हाणपूरला उतरलो आणि रिक्षाने कुंडी भंडाऱ्याकडे गेलो. जमिनीवर ओळीने विहिरींच्या तोंडांसारखी दगडी कडी दिसतात, शंभराहून जास्त. एकातून वाकून पाहिलं तर खोल खाली पाणी चमकत होतं. वाहतं पाणी. चारशे वर्षांपूर्वीची सोय, वीज नाही, पंप नाही. मायने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खाली चालत होतं. तिने काठावर बसून कान लावला.

तिथून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने घरी. रावेर, सावदा, मग फैजपूर. फैजपूर आलं तेव्हा मी आबांना उठवलं. 1936 च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावट नंदलाल बोस यांनी केली होती, बांबू आणि गावातल्या सामानातून. पुढे दिल्लीत बसलेले नेहरू तेव्हा आमच्या या रस्त्याने आले होते. आबा खिडकीतून केळीच्या गाड्या बघत म्हणाले, माझे वडील इथे चालत आले होते. मी 52 वर्षांची आहे आणि हे मला आज पहिल्यांदा कळलं. आजोबा बैलगाड्यांच्या रांगेबरोबर आले, दोन दिवस राहिले, आणि घरी जाऊन फक्त कमानीबद्दल बोलत राहिले. आबांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. यावल येईपर्यंत मी विचारत राहिले. चोपड्याला वही काढली.

अंधार पडायच्या आत थाळनेरला पोहोचलो. आबांनी पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि घरात न जाता कबरींकडे चालू लागले. मी मागे गेले. अष्टकोनी कबरीजवळ एक शेळी बसली होती. आबांनी भिंतीवर तळहात ठेवला, हौज खासला ठेवला होता तसा.

"बाई," म्हणाले, "शनिवारे तुन्हा वर्गना पोरेस्ले आठे लई ये. राजास्न्या गोष्टी तू सांग. खांबनी गोष्ट मी सांगसू."